निळ्या काठाचा कप

“आजपासून तू नागपूरची,” माझ्या दंडाला हळद चोळता चोळता कुसुमताई म्हणाल्या. “माह्या मावससासऱ्याची नात. मायबाप लहानपणीच वारले. कोणी इचारलं तं एवढंच सांगजो. जास्त फाटे फोडू नोको.”

कुसुमताई म्हणजे माझी होऊ घातलेली नणंद. आम्ही बसलो होतो ती खोली जिल्ह्याच्या सभागृहामागची. एरवी तिथे नाटकवाले तोंडं रंगवतात. बाहेर खुर्च्या मांडायचा खडखडाट चालला होता आणि माइकवाला “हॅलो, हॅलो” करून आमचे कान किटवत होता. त्या दिवशी एकाच मांडवात दोन कामं उरकायची होती. सरकारच्या कल्याण योजनांमध्ये उत्कृष्ट काम केलेल्या कर्मचाऱ्यांचा मंत्र्यांच्या हस्ते गौरव व्हायचा होता, आणि आमच्या सरकारी महिलागृहातल्या दोन मुलींची लग्नं लागायची होती. कन्यादानही मंत्रीच करणार होते. त्या दोघींतली एक शेवंता आणि दुसरी मी.

ज्यांना कुणी नाही अशा बायका महिलागृहात राहतात. मी बालगृहात वाढले आणि अठरा पुरी झाल्यावर इकडे आले, म्हणजे एका सरकारी फाटकातून दुसऱ्या सरकारी फाटकात. पुढे मी एस.टी.त कंडक्टर झाले आणि जन्मभर लोकांना “पुढे सरका” म्हणून ओरडले. पण हळद लागली त्या दिवशी मी विशीतली, गरीब गाय होते. निदान कुसुमताईंचा तसा समज होता.

त्या पुढे म्हणाल्या की पत्र्याची ट्रंक इथेच टाकायची, तिच्यावर महिलागृहाचं नाव रंगवलं आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहेच, तर मंजुळा जाऊन मी सुनंदा होणार. महिलागृहातल्या एकाही मुलीला पत्र टाकायचं नाही.

“अन् ते सोनटक्केबाई,” कुसुमताईंनी आवाज खाली आणला, “ते आमच्या घरी याले नाही पायजे. लग्नाच्या फोटोतही नोको. माहेर-माहेर करून त्या फाटकात पुन्ना पाय टाकाचा नाही. समजलं?”

मी विचारलं, हे मुरलीधररावांना माहीत आहे का? माझा नवरदेव मुरलीधर दारातच उभा होता, फेटा सारखा करत. त्याने सगळं ऐकलं होतं. तो फेट्याच्या शेवाकडे बघत म्हणाला, “चार लोकांत राहा लागते. किराणा दुकान हाय आपलं. लोकं नाना तोंडानं बोलतात.”

माणूस वाईट नव्हता. मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. त्याला फक्त मी हवी होते आणि माझं आजवरचं सगळं नको होतं.

आता सोनटक्केबाईंबद्दल सांगते, आणि खरं तेच सांगते. पुष्पलता सोनटक्के, आमच्या अधीक्षिका. आम्हा मुलींना त्या डोळ्यांसमोर नको असायच्या. दिवेलागणीच्या आत फाटकाला कुलूप. तेल मापून, साबण मापून. कुणी आरशासमोर जरा रेंगाळली की मागून आवाज आलाच, “झालं का दर्शन?” त्यांनी कधी कुणाच्या पाठीवरून हात फिरवलेला मी पाहिला नाही. त्यांना सरकारचा उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही पोट धरून हसलो. शेवंता म्हणाली, कुलपाच्या कारखान्याने दिला असेल.

पण एका बाबतीत बाई वेगळ्याच होत्या.

महिलागृहातल्या मुलींना बाहेरून स्थळं यायची. मुलाकडचे चार जण येणार, सोबत एखादा अधिकारी, एखादा समाजसेवक. सगळे ओळीने बसणार आणि मुलीला विचारणार, पसंत आहे का? इतक्या मोठ्या माणसांपुढे, ज्यांच्या मेहेरबानीवर आपण जेवतो त्यांच्यापुढे, कुठली पोर नाही म्हणेल? खाली मान घालून सगळ्या होच म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणून बघायचा कार्यक्रम ठरला की आदल्या दिवशी त्या मुलीला स्वयंपाकघरात न्यायच्या आणि फडताळातून एक कप काढायच्या. निळ्या काठाचा, कानाला जरा टवका उडालेला.

“हा माझा कप,” त्या म्हणायच्या. “मुलगा पसंत पडला तर यात साखर घाल. नाही पडला तर घालू नकोस. तोंडाने काही बोलायचं नाही. बाकीचं मी बघते.”

आणि त्या खरंच बघायच्या. चहा फिका लागला की कप खाली ठेवून सरळ सांगायच्या, “मुलगी देत नाही.” कारण विचारलं तर तोंडाला येईल ते सांगायच्या. एकाला म्हणाल्या, तुमचा आवाज फार बारीक आहे. एकाला म्हणाल्या, तुमच्या गावाला जायला नदी ओलांडावी लागते, आमच्या मुलीला पाण्याची भीती आहे. लोक चिडायचे, पाय आपटत निघून जायचे, वर तक्रारी करायचे. स्थळं मोडणारी बाई म्हणून त्यांचं नाव सगळ्या जिल्ह्यात झालं होतं. शिव्या त्यांना, आणि मुलगी आपली नामानिराळी. आत जाऊन भांडी घासायला मोकळी.

मुरलीधर मला बघायला आला तेव्हा मी त्या निळ्या कपात साखर घातली. चांगली घसघशीत घातली. तो आवडला म्हणून नाही. त्याला मी धड पाहिलंही नव्हतं. मला त्या फाटकातून सुटायचं होतं. बाहेर काढणार असता तर मी यमदूतालाही गोड चहा पाजला असता. बाईंनी घोट घेतला, कपाच्या काठावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “ठीक आहे. मुलगी देतो.”

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. बाईंना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. तेव्हापासून त्यांचा चहा रोजच फिका असायचा.

तर त्या खोलीत, हळदीच्या पाटावर, मला राग आला. रडू नाही आलं, नुसता राग आला. माझ्या मालकीचं असं जगात होतं काय? बालगृहातल्या एका आयाने हौसेने ठेवलेलं मंजुळा हे नाव, एक पत्र्याची ट्रंक, आणि ते फाटक. फाटकाला मी रोज शिव्या घालायचे, पण तो माझा हक्क होता. कुसुमताईंनी त्याला नावं ठेवायचं काही कारण नव्हतं. आणि ज्या बाईचं तोंड बघू नये असं मला वाटायचं, तिला फोटोतून वगळायचं म्हटल्यावर मला एवढं का झोंबलं, ते तेव्हा कळलं नाही.

बाईंना गाठायचं कसं, हा प्रश्न होता. त्या सकाळपासून सभागृहाच्या दुसऱ्या अंगाला पाहुण्यांच्या खोलीत अडकल्या होत्या. तिथे मंत्री येऊन बसले होते आणि आमच्या खात्याचे जिल्ह्याचे साहेब, खटावकर, त्यांची बडदास्त ठेवत होते. नवरीने उठून तिथे जायचं आणि सगळ्यांसमोर मला लग्न करायचं नाही म्हणायचं? कंडक्टरकीचा आवाज तेव्हा फुटायचा होता.

मी कुसुमताईंना म्हटलं, मोरीत जाऊन येते, आणि मागच्या दाराने निघाले ती थेट चुलीपाशी. आमच्या महिलागृहाची स्वयंपाकीण गोदामावशी तिथे पाहुण्यांसाठी चहा उकळत होती. तिने मला पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“काहून वं? नवरी मुलगी अन् चुलीजवळ?”

मी म्हटलं, चहा मी नेते. ती साखरेचा डबा उघडायला लागली. मी डब्यावर हात ठेवला.

“मंत्र्याचा चहा हाय तो, पोरी.”

“आज कुणालाच साखर नाही, मावशी.”

गोदामावशी माझ्याकडे बघत राहिली. तो निळा कप तीच वर्षानुवर्षं विसळत आली होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाईंचा एकटीचा चहा फिका पाठवून उपयोग नव्हता, तो रोजच फिका असायचा, हेही तिच्या ध्यानात आलं असणार. तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा उचलून वरच्या फळीवर, हाताला येणार नाही असा, ठेवून दिला.

“ने मंग,” ती म्हणाली. “सांडू नोको.”

पाहुण्यांच्या खोलीत मी ट्रे घेऊन गेले. नवरी चहा घेऊन आलेली पाहून मंत्र्यांना कौतुक वाटलं. खटावकर साहेबांनी तेवढ्यात सांगून टाकलं की आमच्या संस्थेचे संस्कारच असे आहेत. मी सगळ्यांना कप दिले. गोदामावशीने महिलागृहातून सोबत आणलेला निळ्या काठाचा बाईंना दिला. त्यांनी घोट घेतला, रोजच्यासारखाच, आणि समोरच्यांशी बोलत राहिल्या. त्यांना काहीच कळलं नाही.

मग मंत्र्यांनी तोंड वाकडं केलं. “साखर राहिली वाटतं,” ते म्हणाले.

खटावकरांनी आपला कप चाखला आणि त्यांचा चेहरा उतरला. कोपऱ्यात मुरलीधरचे काका बसले होते, त्यांनीही कप खाली ठेवला. बाईंनी एकेकाचा कप बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“मंजुळा, साखर विसरलीस?”

“नाही, बाई. विसरले नाही.”

माझा आवाज एवढा ठाम कुठून आला, देव जाणे. बाईंनी कप बशीत ठेवला, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

“साहेब, आज एकच लग्न लागेल,” त्या म्हणाल्या. “ही मुलगी आम्ही देत नाही.”

त्यानंतर जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. मुरलीधरचे काका तणतणले, कुसुमताई धावत आल्या, अनाथ पोरीचा एवढा तोरा, असं बरंच काही त्या बोलल्या. मंत्री म्हणाले, दोन जोडपी म्हणून पेपरात छापून आलं आहे. बाई म्हणाल्या, मग उद्या एक म्हणून छापून येऊ द्या. खटावकर साहेब माझ्याकडे वळले. मुली, नीट विचार कर, पुन्हा असं स्थळ येणार नाही, असं मोठ्या मायेने सांगायला लागले. बाई सरळ त्यांच्या आणि माझ्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

“तिला विचारू नका. मी नाही म्हणते आहे. मला विचारा.”

साहेबांनी मग बाईंना खोलीबाहेर व्हरांड्यात नेलं. मीही ट्रे घेऊन मागोमाग गेले, मला कुणी अडवलं नाही. साहेबांचा आवाज आता वेगळा झाला होता. ते म्हणाले की बाई, तुमच्याविरुद्धच्या तक्रारी इतकी वर्षं मी दाबून ठेवल्या. पुरस्कारासाठी तुमचं नाव मी पुढे केलं. त्याची ही परतफेड? लग्न लावा, नाहीतर व्यासपीठावर येऊ नका. प्रकृती बरी नाही असं सांगून घरी जा. मी सांभाळून घेतो.

मला वाटलं होतं की बाई म्हणतील, मला नको तुमचा पुरस्कार. असं बोलणारी माणसं मोठी वाटतात. बाई तसलं काही बोलल्या नाहीत.

“माझी प्रकृती ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “काल तुम्हीच मला सन्मानपत्र वाचून दाखवलंत. ‘प्रवेशित महिलांच्या हिताचे रक्षण केल्याबद्दल.’ प्रवेशित म्हणजे ही. हिताचं रक्षण आत्ता तुमच्यासमोर केलं. आता माझा पुरस्कार मला द्या.”

खटावकर आत निघून गेले.

शेवंताचं लग्न लागलं. अक्षता पडल्या, मंत्र्यांनी कन्यादान केलं, फोटो निघाले. मी मुंडावळ्या काढून, पिवळ्या साडीवरच, महिलागृहाच्या मुलींमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मुली माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. मुरलीधरकडचं वऱ्हाड जेवण न घेता गेलं. शेवंताच्या जेवणावळीत त्यामुळे जिलेबी उरली, एवढाच काय तो तोटा.

मग गौरव सुरू झाला. सूत्रसंचालन करणारे गुरुजी एकेक नाव पुकारत होते. कुणी पाड्यांवर लसीकरण केलेल्या नर्स, कुणी अपंगांना सायकली मिळवून दिलेले निरीक्षक. लोक टाळ्या वाजवत होते आणि ते मनापासून होतं, कारण त्यातली निम्मी माणसं खरोखर राबलेली होती. सोनटक्केबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. त्यांच्या आधीचं नाव झालं. गुरुजींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, खटावकरांकडे पाहिलं, आणि पुढचंच नाव घेतलं.

बाई उठल्या. ज्यांचं नाव पुकारलं गेलं होतं ते गृहस्थ अर्धे उठून परत बसले. बाई पायऱ्या चढल्या आणि मंत्र्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, बोलल्या नाहीत. उभ्या राहिल्या फक्त. सभागृहात कुणाला काय चाललंय ते कळेना. मंत्र्यांनी खटावकरांकडे पाहिलं. खटावकर टेबलावरची फुलं नीट करत होते.

शेवटच्या रांगेच्या मागून टाळी पडली. ती गोदामावशीची होती. ओले हात पदराला पुसून ती दारात येऊन उभी होती. मग आम्ही सगळ्या सुरू झालो. कुलपाच्या कारखान्याचा पुरस्कार म्हणून हसलेल्या आम्ही, हात लाल होईस्तोवर वाजवत होतो. पुढच्या लोकांना वाटलं काहीतरी विशेष असणार, तेही वाजवायला लागले. आता मंत्री तरी काय करणार? टाळ्या वाजताना माणसाला हात आखडता घेता येत नाही. त्यांनी सन्मानचिन्ह उचललं आणि दिलं. श्रीफळ दिलं. मग शाल हातात घेतली आणि तिथेच घोटाळले.

आपल्याकडे बाईमाणसाच्या खांद्यावर शाल बाईनेच घालायची. नर्सबाईंना शाल घालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या सदस्या एव्हाना शेवंताच्या पंगतीला गेल्या होत्या. व्यासपीठावर सगळे पुरुष. खटावकरांना सुटकेची वाट दिसली, त्यांनी शाल तशीच घडी घातलेली हातात देऊन टाका अशी खूण केली.

बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

“मंजुळा,” त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण त्यांच्या आवाजाला माइक कधी लागलाच नाही. “इकडे ये.”

मी गेले. हळदीच्या हातांनी, पिवळ्या साडीत, मोडलेल्या लग्नाची नवरी, सगळ्या सभागृहामधून चालत गेले. मंत्र्यांच्या हातून शाल घेतली आणि बाईंच्या खांद्यांवर घातली. शालीला माझ्या बोटांची हळद लागली. मी घाबरून झटकायला गेले, तर बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, “राहू दे. आणि पाठ ताठ ठेव, फोटो काढतायत.”

महिना संपायच्या आत बाईंची बदली झाली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. म्हणाल्या, फाटकातून बाहेर पडायला नवराच लागतो असं कुणी सांगितलं तुला? काहीतरी शीक. मी त्यांच्यावर चिडले, आणि चिडूनच शिकले. एस.टी.त लागले, खोली घेतली, महिलागृहाचं नाव असलेली ट्रंक खोलीच्या दर्शनी बाजूला ठेवली. कुणी विचारलं तर सांगायचे, माहेरची आहे.

काही वर्षांनी डेपोतला मेकॅनिक वासुदेव माझ्या मागे लागला. गाडी बिघडलेली नसताना तो माझ्याच गाडीचं बॉनेट उघडून उभा राहायचा. अख्खा डेपो हसायचा. शेवटी मी त्याला म्हटलं, आधी माझ्या माहेरी चल. तिथे पसंत पडलास तर बघू.

बाई निवृत्त होऊन एका खेड्यात दोन खोल्यांत राहत होत्या. केस पांढरे झालेले, जीभ तशीच. वासुदेवला बाहेर खाटेवर बसवून त्यांनी त्याची उलटतपासणी सुरू केली आणि मला म्हणाल्या, चहा टाक. मी आत गेले. दुधाच्या पातेल्यावर, मांजराने तोंड घालू नये म्हणून, सरकारी सन्मानचिन्ह पालथं घातलं होतं. फडताळात निळ्या काठाचा कप होता, टवका थोडा वाढलेला. त्याच्या शेजारी एक छोटा डबा. मी उघडून पाहिलं. साखर होती, मुंग्या लागू नयेत म्हणून लवंगा घालून ठेवलेली. त्या घरात साखर खाणारं कुणीही नव्हतं.

डबा हातात धरून मी तशीच उभी राहिले. बाहेरून हाक आली, “चहा करतेयस की चहाचा मळा लावतेयस?”

मी चहा नेला. वासुदेवला दिला, बाईंना निळ्या कपात दिला. बाईंनी एक घोट घेतला. कप तसाच तोंडाशी धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि या खेपेला मीही खाली मान घातली नाही.

“बाई, डॉक्टरांनी तुम्हाला...” वासुदेव म्हणाला, कारण मीच त्याला वाटेत सांगून ठेवलं होतं की बाईंना साखर चालत नाही.

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या, आणि शेवटच्या घोटापर्यंत तो चहा प्यायल्या.